शाळेत सण असावेत का, आणि कसे : तीन पर्यायांची तुलना

जूनमध्ये शाळा सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच आषाढीची दिंडी दारात येते. पाठोपाठ दहीहंडी, गणपती, दसऱ्याचे पाटीपूजन आणि डिसेंबरात नाताळ. यांतले काय करायचे आणि किती, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीला ठरवावे लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे मराठवाड्यातील मिश्र वस्तीच्या गावात हा प्रश्न गावाच्या चावडीवरून थेट शाळेत येतो. समितीपुढे ढोबळमानाने तीन मार्ग असतात : सण शाळेबाहेर ठेवणे, सर्व धर्मांचे सण सारखेच साजरे करणे, किंवा पूजाविधी वगळून सणाची ओळख करून देणे.

पहिला मार्ग कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक आहे. संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे अनुच्छेद २८ सांगते. मात्र मराठवाड्यात ही भिंत बांधायची कुठे, हे कळत नाही. पैठणच्या एकनाथांची आणि हिंगोली जिल्ह्यातील नरसीच्या नामदेवांची ही भूमी. संतांचे अभंग मराठीच्या पाठ्यपुस्तकांतच असतात, आणि दिंडी हा प्रकार शाळांनी इतका आपलासा केला आहे की ग्रंथदिंडी नि वृक्षदिंडी काढताना तो मूळचा वारीतला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. लातूर-धाराशिवकडच्या वेळा अमावस्येला तर वर्ग भरवला तरी बाके रिकामीच राहतील, कारण आंबील आणि भज्जी खायला सारे गाव शेतात गेलेले असते.

दुसरा मार्ग ऐकायला सर्वांत न्याय्य वाटतो आणि बैठकीत तोच लवकर मंजूर होतो. त्याची अडचण दिनदर्शिका उघडल्यावर दिसते. आषाढी, दहीहंडी, गणपती आणि नाताळ शाळा भरलेली असताना येतात. दिवाळी सुट्टीत जाते. बुद्धपौर्णिमा वैशाखात, म्हणजे उन्हाळी सुट्टीत येते. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती वार्षिक परीक्षांच्या धामधुमीत सापडते. आणि चांद्र हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. ‘सर्वांचे सारखे’ असे ठरवूनही वर्षअखेरीस काही घरांचे सण थाटात झालेले असतात आणि काहींचे फळ्यावरच्या शुभेच्छेत आटोपलेले असतात. त्यातच १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जो इथल्या प्रत्येक शाळेचा असतो, बऱ्याचदा गणेशोत्सवाच्या दिवसांत येतो. २०२४ मध्ये तो नेमका अनंत चतुर्दशीलाच आला होता. शिवाय सणांची संख्या वाढली की वर्गणी वाढते आणि अध्यापनाचे तास घटतात. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस कामकाज व्हावे, ही अट सणांमुळे शिथिल होत नाही.

या मार्गाचा खरा दोष मात्र वेगळा आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतील अज्ञान (म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या) विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. कागदावर उपाय सोपा आहे : संमतिपत्र घ्यावे. पण चाळीस मुले आरतीला उभी असताना एक मूल बाहेर ओट्यावर बसून राहते, तेव्हा त्याच्या वेगळेपणाची जाहीर दवंडीच पिटली जाते. म्हणून बहुतेक पालक नको असतानाही सही करतात. शाळेतली सक्ती हुकमाने होत नाही, ती रांगेत उभे केल्याने होते.

म्हणून मला तिसरा मार्ग अधिक योग्य वाटतो, तोही एका कसोटीवर : कार्यक्रम असा आखावा की कोणत्याही मुलाला सूट मागावीच लागू नये. धर्मांविषयीची माहिती देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे आषाढीला मुलांनी अभंगाचा अर्थ समजून घ्यावा, आणि त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, ज्या परंपरेचे एक तख्त, म्हणजे मोठे धर्मपीठ, शेजारच्या नांदेडला आहे, हेही शिक्षकाने सांगावे. ईदला शिरखुर्म्याबरोबर चंद्रदर्शनाचे खगोल शिकवावे. शाडूची मूर्ती घडवावी, पण तिची प्रतिष्ठापना घरी व्हावी. यात शिक्षकाला तयारी जास्त करावी लागते, आणि ‘आपल्या शाळेत आरती का नाही’ हा प्रश्न समितीला गावात झेलावा लागतो. तो झेलण्याची तयारी नसेल, तर हा मार्ग न निवडता पहिला निवडणे अधिक प्रामाणिक ठरेल.

दसऱ्याचे पाटीपूजन मात्र या कसोटीवरही अडते. पाटीवर सरस्वती रेखाटून तिला हळदकुंकू वाहणे ही पूजाच आहे, पण कित्येक घरांना ते केवळ अभ्यासाचे कौतुक वाटते. इथे समितीने सणाच्या नावावर वाद न घालता कृतींवर बोलावे : पाट्या धुणे, अक्षर गिरवणे, फुले ठेवणे, हात जोडणे. पहिल्या तीन कृती वर्गात ठेवता येतील. चौथी घरी करता येईल.