आयएससी पेपरसाठी घेतलेला ऑनलाइन कोर्स : पास झाल्यावरचा अनुभव

अमेरिकन सीपीएत, म्हणजे तिकडच्या सीएसारख्या परीक्षेत, २०२४ पासून तीन पेपर सक्तीचे आणि चौथा निवडीचा. आमच्या ऑफिसात चौथा म्हणून बहुतेक जण डोळे झाकून टीसीपी हा टॅक्सचा पेपर घेतात, कारण त्याचा निकाल चांगला लागतो. मी आयएससी, म्हणजे इन्फर्मेशन सिस्टिम्स अँड कंट्रोल्स घेतला. खराडीत रोजचं काम अमेरिकन ऑडिटचंच आहे, आणि आरईजी हा टॅक्स-कायद्याचा सक्तीचा पेपर सुटल्यावर टॅक्सचं तोंड पुन्हा बघायची इच्छा नव्हती.

कोर्सचं नाव देत नाही. त्यातली जमेची बाजू एकच, पण भक्कम: प्रश्नसंच. या पेपरला ८२ एमसीक्यू (पर्यायी प्रश्न) आणि ६ सिम्युलेशन (कागदपत्रं देऊन सोडवायला लावलेले मोठे प्रश्न) असतात. एमसीक्यूंना ६० टक्के वजन. सक्तीच्या पेपरांत ते ५० आहे. त्यामुळे वनाझ ते रामवाडी मेट्रोत मोबाइलवर प्रश्न सोडवले तरी अभ्यास पुढे सरकतो. चुकलेला पर्याय का चुकला, हे इथे नीट सांगतात. उदाहरणार्थ, इन्क्रिमेंटल बॅकअप सगळ्यात शेवटच्या बॅकअपनंतरचे (मग तो कुठल्याही प्रकारचा असो) बदल घेतो, डिफरन्शियल शेवटच्या फुल बॅकअपनंतरचे सगळे. म्हणून डेटा परत आणताना पहिल्यात फुलसोबत नंतरचे सगळे इन्क्रिमेंटल लागतात, दुसऱ्यात फुल आणि शेवटचा डिफरन्शियल एवढंच. व्याख्या पाठ असूनही प्रश्न इथेच अडकवतो.

व्हिडिओ मात्र रटाळ. एनआयएसटी, कोबिट, सीआयएस कंट्रोल्स, हिपा, जीडीपीआर अशा आयटी-सुरक्षेच्या चौकटी आणि डेटा-गोपनीयतेचे कायदे... सर स्लाइड वाचतात, आपण जांभया देतो. मी दीडपट वेगाने ऐकले, शेवटी शेवटी तर नुसत्या नोट्स वाचल्या. एसक्यूएलची (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची) भीती असलेल्यांनी फार घाबरू नये. समोरची क्वेरी वाचून ती काय करते हे कळलं तरी पुष्कळ झालं.

कोर्सचं खरं अपयश सॉक रिपोर्टच्या भागात दिसतं. सॉक म्हणजे बाहेरून सेवा देणाऱ्या कंपनीच्या कंट्रोलवर, म्हणजे चुका-गैरप्रकार रोखायच्या व्यवस्थेवर, स्वतंत्र ऑडिटरने दिलेला रिपोर्ट. ब्लूप्रिंटमध्ये, म्हणजे परीक्षेच्या अधिकृत आराखड्यात, त्याला १५ ते २५ टक्के दिलेत, म्हणून कोर्सनेही तो उरकलाय. वास्तविक अकाउंटंटच्या हक्काचा भाग हाच! एखाद्या कंपनीने पगाराचं काम बाहेर दिलं, तर तिच्या ऑडिटरला पेरोलवाल्याचा सॉक १ लागतो, कारण प्रश्न आर्थिक अहवालाचा आहे. सिक्युरिटी, प्रायव्हसी वगैरे निकषांसाठी सॉक २. टाइप १ मध्ये ठरावीक तारखेला कंट्रोलची रचना बघतात. टाइप २ मध्ये ते पूर्ण कालावधीत चालले का, तेही तपासतात. पेरोलवाल्याचा सर्व्हर तिसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर त्या तिसऱ्याचे कंट्रोल रिपोर्टमधून वगळायचे (कार्व्ह-आउट) की त्यात धरायचे (इन्क्लुझिव्ह)? आणि नोकरी सोडलेल्या माणसाचं नाव वेळेत कळवणं हे कंपनीचंच काम, ते झालं नाही तर पेरोलवाल्याचा स्वच्छ रिपोर्ट काय कामाचा? हे मला कामावरच्या फायलींमुळे समजलं. ऑडिटमध्ये नसलेल्याला या कोर्सवर अवघड जाईल.

कोर्समधली सिम्युलेशनही फार सोपी आहेत. परीक्षेत चार-पाच कागद उघडून त्यांतली विसंगती शोधावी लागते. त्या सरावासाठी एआयसीपीएची (अमेरिकन सीपीएंच्या संस्थेची) सॅम्पल टेस्ट फुकट आहे. तिचा स्क्रीनही खऱ्या परीक्षेसारखाच, म्हणून कोर्सच्या मॉकआधी तीच द्या.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या आजूबाजूला सगळी एमपीएससीची मुलं. त्यांची बैठक बघून माझीही जमली, हे कोर्सच्या फीत धरलेलं नव्हतं.

फक्त प्रश्नसंच वेगळा मिळत असेल तर तेवढाच घ्या. व्हिडिओसकट पूर्ण पॅकेज मी पुन्हा घेणार नाही. आणि पैसे भरण्याआधी व्हॅलिडिटी बघा: पास होईपर्यंत की ठरावीक महिने? माझ्या कोर्सची मुदत परीक्षेच्या जेमतेम आठवडाभर आधी संपत होती, वाढवून घ्यायला वेगळे पैसे पडले.