फॅमिली लिंक आणि फॅमिली सेफ्टी: जून ते दिवाळीनंतरचा अनुभव

मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. आम्ही दोघं नोकरीला, त्यामुळे सिंहगड रोडच्या आमच्या घरी दुपारी मुलांसोबत सासूबाईच असतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा लेकीच्या अँड्रॉइड टॅबवर गूगलचं फॅमिली लिंक लावलं आणि मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी. मुलांनी उपकरण किती वेळ आणि कशासाठी वापरायचं ते पालकांना ठरवू देणारी ही दोन्ही ॲप. आम्हाला लागतं तेवढं दोन्हींत फुकट मिळतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो रात्रीच्या वेळेमुळे. साडेनऊला टॅब लॉक होतो आणि त्याआधी पडद्यावर सूचना येते. पूर्वी रोज रात्री "पाच मिनिटं गं आई"वरून आमचं वाजायचं. आता सूचना दिसली की ती स्वतःच टॅब चार्जिंगला लावते. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हे ॲप कुणालाही सुचवेन.

दुसरी सोय म्हणजे नवीन ॲप घ्यायला लागणारी आपली परवानगी. परवा ऑफिसात असताना विनंती आली, केस कापायच्या एका गेमची. नाव अगदी साधं. प्ले स्टोअरवर पाहिलं तर जाहिराती होत्या आणि ॲपमधली खरेदीही. लगेच 'नाही' दाबलं नाही. संध्याकाळी तिला शेजारी बसवून लोकांनी खाली लिहिलेले अभिप्राय वाचून दाखवले, दर मिनिटाला जाहिरात येते म्हणणारे. "मग नकोच," म्हणाली. त्यानंतर विनंती पाठवण्याआधी ती स्वतः खाली जाऊन अभिप्राय वाचते, हे मला फार मोलाचं वाटतं.

लॅपटॉपचं जरा किचकट आहे. मुलाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे लॅपटॉपची सगळी सेटिंग बदलू शकणारं, ठेवू नका, नाहीतर नवं खातं उघडून तो सगळं ओलांडू शकतो. वेबसाइटची गाळणी मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे ती चालू केली की क्रोमसारखे बाकीचे ब्राउझर बंद होतात. फक्त परवानगी दिलेल्याच साइट उघडतील अशीही सोय आहे. चौथीतल्या मुलीला ती चालली असती. सातवीच्या प्रोजेक्टला रोज नवी साइट लागते आणि दर वेळी माझा फोन वाजायचा, म्हणून ती काढली.

राऊटरवर क्लाउडफ्लेअर या कंपनीचं १.१.१.३ हे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) टाकलंय. २०२० पासून मिळणारी ही फुकट सेवा अश्लील आणि घातक साइट अडवते, घरातल्या प्रत्येक उपकरणावर. पण आपल्याकडे गुरुवारी लाइट जाते, राऊटर बंद पडतो, मुलं कुणाच्यातरी मोबाइलचा हॉटस्पॉट घेतात आणि राऊटरवरची गाळणी तिथे लागूच होत नाही. यावर उपाय म्हणजे टॅबच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला क्लाउडफ्लेअरच्या त्याच कौटुंबिक सेवेचं नाव भरायचं. मग नेट कुठूनही येवो, गाळणी राहते.

मधे पैसे भरून एक वेगळं ॲपही घेतलं होतं. ते मुलांचे मेसेज वाचून आम्हाला दाखवायचं. मुलाने सरळ विचारलं, "तू माझं बोलणं वाचतेस का?" त्याच दिवशी काढून टाकलं. बारा वर्षांच्या मुलाला मित्रांशी बोलायला स्वतःची जागा हवी, हे माझं ठाम मत आहे. काय दिसतं आणि काय दिसत नाही ते आता दोघांना नीट सांगितलंय: कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं, मित्राला काय लिहिलं ते दिसत नाही.

उणीव मोठी आहे ती गेममधल्या चॅटची. तिथे अनोळखी माणूस काय बोलतो ते यातलं कुठलंच ॲप पाहत नाही. रोब्लॉक्ससारख्या गेमची स्वतःची पालक-सेटिंग असतात, ती वेगळी उघडून चॅट बंद करावं लागतं. मुलांना एवढंच सांगून ठेवलंय की कुणी फोटो मागितला, पत्ता विचारला किंवा 'घरी सांगू नकोस' म्हणालं तर लगेच आमच्याकडे यायचं, ओरडा बसणार नाही.

आणि घरातला तिसरा फोन विसरू नका. टॅब लॉक झाला की आमच्याकडे मोर्चा सासूबाईंच्या फोनकडे वळायचा आणि त्यावर यूट्यूब मोकळं. त्यांच्याशी बोलून त्यावर यूट्यूबचा 'रिस्ट्रिक्टेड मोड' (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ बरेचसे लपवणारं सेटिंग) चालू केला, खरेदीला पासवर्ड लावला. फोनचा पिन दोन्ही नातवंडांना तोंडपाठ होता, तो सासूबाईंनी स्वतः बदलला.