रिॲक्शन पाठ कराव्यात की मेकॅनिझम काढत शिकावं?

ऑरगॅनिक केमिस्ट्रीची तयारी करताना एक तर रिॲक्शन, रीएजंट (क्रिया घडवणारा पदार्थ) आणि प्रॉडक्ट यांची यादी पाठ करता येते, नाहीतर इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते, म्हणजे मेकॅनिझम, बाण काढत शिकता येतं. परीक्षेला दोनेक महिने असतील तर मी निःशंकपणे दुसरा मार्ग सुचवेन.

३-मिथिल-१-ब्यूटीनवर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया घ्या. मार्कोव्हनिकोव्हचा नियम (हायड्रोजन दुहेरी बंधाच्या जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनवर जातो) पाठ असलेला विद्यार्थी २-क्लोरो-३-मिथिलब्यूटेन लिहून पुढे जातो. बाण काढणाऱ्याला मधला द्वितीयक कार्बोकॅटायन (धन प्रभाराचा कार्बन दोन कार्बनांना जोडलेला) समोर दिसतो. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपल्या इलेक्ट्रॉन जोडीसह सरकला, तर कार्बोकॅटायन तृतीयक (तीन कार्बनांना जोडलेला) म्हणजे जास्त स्थिर होईल, हेही तिथेच कळतं. म्हणून २-क्लोरो-२-मिथिलब्यूटेनसुद्धा मिळतं, आणि परीक्षक नेमकं हेच विचारतात. निओपेंटिल ब्रोमाइडचंही तसंच. प्राथमिक हॅलाइड म्हणजे एसएन२ (एकाच पायरीत होणारं न्यूक्लिओफिलिक प्रतियोजन) जलद, असं यादी सांगते. पण शेजारच्या कार्बनवरच्या तीन मिथिल गटांच्या गर्दीमुळे न्यूक्लिओफाइलला (इलेक्ट्रॉन जोडी देणाऱ्या कणाला) मागून शिरायला जागाच नसते, त्यामुळे ही क्रिया अतिशय मंद होते. रचना एकदा कागदावर काढली की हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

पाठांतराला मी कमी लेखत नाही. प्राथमिक अल्कोहोल पीसीसीने (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेटने) अल्डिहाइडवर थांबतं आणि आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटने कार्बॉक्सिलिक आम्लापर्यंत जातं, हे तोंडपाठच हवं. बहुपर्यायी पेपरात अशा प्रश्नांना बाण काढत बसलात तर वेळ हातचा जाईल. परीक्षा आठवड्यावर आली असेल तरी यादीच धरा.

बाणांच्या मार्गाला सुरुवातीला वेळ लागतो, आणि सवय चुकीची लागली तर गुणही जातात. बाण नेहमी इलेक्ट्रॉन जोडीपासून किंवा बंधापासून निघतो, धन प्रभारापासून कधीच नाही. मुक्त मूलकांमध्ये (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणांमध्ये) मात्र एकेकच इलेक्ट्रॉन सरकतो, म्हणून तिथे अर्ध्या टोकाचा बाण काढायचा. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंचा एकूण प्रभार जुळतो का, तेही पाहा.

सुरुवात एसएन१ आणि एसएन२ (प्रतियोजन), ई१ आणि ई२ (एलिमिनेशन), अल्कीनवरचं इलेक्ट्रोफिलिक समावेशन, बेंझीनवरचं इलेक्ट्रोफिलिक प्रतियोजन आणि कार्बोनिलवरचं न्यूक्लिओफिलिक समावेशन यांपासून करा. बेंझीनचं नायट्रेशन नीट जमलं की ब्रोमिनेशन आणि फ्रीडेल-क्राफ्ट्ससाठी इलेक्ट्रोफाइल (इलेक्ट्रॉन जोडी घेणारा कण) कसा तयार होतो एवढंच नव्याने शिकायचं उरतं.