हुशार मुलांचा वीकेंड क्लास: जूनपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

बॅच बदलून द्या म्हटलं तर "सिस्टीममध्ये बसत नाही", मग उरलेली फी परत द्या म्हटलं तर "नॉन-रिफंडेबल". त्या फोननंतर रागातच लिहायला घेतलंय. क्लास पणजीत, आम्ही फोंड्याचे, म्हणजे जाऊन-येऊन 60 किलोमीटर, पेट्रोल वेगळं, वर किट आणि टी-शर्ट सक्तीचा. नाव लिहीत नाही. प्रवेशाला चित्रांच्या कोड्यांची रेव्हन टेस्ट, छोटी बॅच वगैरे चौकशी केलेल्यांना माहीत असणारच.

लेक तिसरीत. शाळेत गणितं सगळ्यांच्या आधी संपवते, मग बाई तसलीच आणखी देतात. पुढे पुढे ती मुद्दाम सावकाश करायला लागली. विचारलं तर म्हणाली, "आई, लवकर केलं की जास्त मिळतात." हे ऐकून पोटात गोळा आला, आठ वर्षांची पोर हळू चालायला शिकतेय! म्हणून क्लास शोधला.

आणि तिथे काय, तर वर्कशीट! वर 'ॲडव्हान्स्ड' छापलेलं आणि खाली दोन अंकीच्या जागी चार अंकी गुणाकार. अहो, चार अंकी गुणाकाराला डोकं जास्त लागत नाही, वेळ जास्त लागतो. रीत तीच. शिवाय सगळ्यांनी एकच पान एकाच वेळी करायचं, ज्याचं आधी होईल त्याने गप्प बसायचं. शाळेत फुकट बसत होती, इथे पैसे भरून बसते. बाकी एसी छान, रोबोटिक्सचं किट बरं, टीचर प्रेमळ, पण माझं सगळं अडतं ते या वर्कशीटवर, कारण हुशार मुलाला 'जास्त' नको असतं, 'पुढचं' किंवा 'खोलातलं' हवं असतं. एवढी एक गोष्ट कळत नसेल तर हुशार मुलांसाठी म्हणून पैसे घेऊच नयेत.

इथपर्यंत गणेश चवथीआधी लिहून ठेवलं होतं. आता दिवाळी झाली, थोडं मत बदललंय, तेही लिहायला हवं.

चवथीनंतर रविवारी एक नवे सर आले. त्यांनी वर्कशीट बाजूला ठेवून विचारलं, बुद्धिबळाच्या पटावर चौरस किती? सगळी पोरं ओरडली 64. सर म्हणाले परत बघा, दोन बाय दोनचे पण चौरसच ना? आणि उत्तर न देता घरी पाठवलं. लेक आठवडाभर त्याच्यामागे. जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच, आजोबांचा पट मांडून बोटाने मोजणं, चुकणं, रडणं, परत मोजणं. शेवटी तिला दिसलं की सगळ्यात मोठा 1, मग 4, मग 9, मग 16, असं करत 64 पर्यंत, एकूण 204. त्या दिवशी तिचा चेहरा मी बघितला. फी विसरले मी.

अमेरिकेतले शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुलींनी 1978 मध्ये मांडलं होतं की नुसती बुद्धी पुरत नाही, कल्पकता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं पण लागतं. रेव्हन टेस्टमध्ये पॅटर्न ओळखता येतो का ते कळतं, हे चिकटून राहणं दिसत नाही. म्हणजे निवड एका गोष्टीवर, आणि मूल फुलतं दुसरीवर.

याच रेन्झुलींची, सॅली रीस यांच्यासोबतची, कॉम्पॅक्टिंग नावाची पद्धत आहे. धडा सुरू करायच्या आधीच छोटी परीक्षा घ्यायची, जे येतंय ते वगळायचं, वाचलेल्या वेळात वेगळं काहीतरी. मी हे शाळेतल्या बाईंना सांगितलं, वाटलं होतं चिडतील, पण त्यांनी भागाकाराच्या धड्याला करून बघितलं. जे येत नव्हतं तेवढंच शिकवलं, बाकी वेळात पोरगी वर्गातल्या कपाटातली पुस्तकं वाचते. एक पैसा खर्च नाही, आणि मुद्दाम सावकाश करणं जवळजवळ बंद. बाईंचे आभार मानावे तेवढे थोडे, वर्गात बाकीची मुलं सांभाळून करतात हे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण लिहिलंय की विशेष गती असलेल्या मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावं. पण सरकारी वाट बघायला गेलं तर नवोदय विद्यालयं, गोव्यात वाळपई आणि काणकोणला, शिक्षण फुकट आणि चांगलं, प्रवेश मात्र सहावीला. तिसरी-चौथीतल्या पोरांनी तोवर काय करायचं? म्हणून आईबाप असल्या क्लासकडे धावतात.

तुमचं मूल खरंच कंटाळत असेल तर क्लासमध्ये एकच विचारा: मध्येच पुढच्या गटात जाता येतं का? उत्तर 'सिलॅबस सेट आहे' असं आलं तर पैसे भरू नका. मी पुढच्या टर्मला शनिवारची वर्कशीट बॅच सोडतेय, फक्त सरांचा रविवार हवाय. क्लासवाले म्हणतात दोन्ही एकत्रच पॅकेज. अर्ध्या फीवर तयार झाले तर पाठवीन, नाहीतर नाही.