देवबागेतील घर : तीन रात्री आणि एक न्हाणीघर

एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागेत राहत्या घरांतल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. तिथल्याच एका चिरेबंदी, कौलारू घरात गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे आणि सासूबाई तीन रात्री राहिलो. खोली एका मोबाइल ॲपवरून घेतली होती.

'समुद्रकिनारी' असे वर्णन असलेले हे घर प्रत्यक्षात खाडीच्या बाजूला आहे, परंतु माडांतून सात-आठ मिनिटे चालले की पुळण लागते, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न्हाणीघराची. ॲपवर 'खासगी न्हाणीघर' असे स्पष्ट लिहिलेले असताना ते पडवीच्या टोकाला निघाले आणि शेजारच्या खोलीत उतरलेल्या पुण्याच्या चौघांनाही तेच वापरायचे होते. सकाळी साडेसहाला सासूबाई टॉवेल घेऊन रांगेत उभ्या आहेत, हे दृश्य मला अजून विसरता आलेले नाही. घरच्या काकींना विचारले, तर त्या गोंधळून म्हणाल्या, "आमका काय म्हायत नाय, सगळा झील मुंबैसून बगता." म्हणजे खोलीचे वर्णन लिहिणारा मुलगा मुंबईत, आलेल्यांची उठबस करणारे आईवडील देवबागेत आणि ॲपवर आपल्या घराविषयी काय छापले आहे हे त्या दोघांनी कधी पाहिलेलेच नाही. ॲपच्या मदतकेंद्राने दोन दिवसांनी पुढच्या आरक्षणासाठी सवलतीचे कूपन पाठवले. त्या कूपनाने न्हाणीघर वाढत नाही.

हिशेबही नीट पाहण्यासारखा आहे. दिवसाला २,००० प्रमाणे खोलीचे ६,०००, स्वच्छता शुल्क ५००, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ३२५ आणि ॲपचे सेवाशुल्क ८४०, असे एकूण ७,६६५ रुपये झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि घरमालकाची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर तो भरण्याची जबाबदारी ॲपवर असते, त्यामुळे त्या ओळीला हरकत घेता येत नाही. स्वच्छता शुल्काचे मात्र नवल वाटले, कारण केरवारा करणाऱ्या काकींना असे काही वेगळे पैसे घेतले जातात याचा पत्ताच नव्हता.

जेवण ॲपच्या बाहेरचे, रोखीचे. काका संध्याकाळी मालवणच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी काय खायचे ते आदल्या दुपारीच सांगावे लागते आणि दर त्या दिवशीच्या मासळीप्रमाणे ठरतो. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी आणि नारळाचा दाट रस घातलेली सोलकढी इतकी उत्तम होती की सुरमई मिळाली नाही याचे दुःख कोणालाच झाले नाही. सकाळच्या घावण्यांबरोबरची चटणी सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून शिकून घेतली, आणि न्हाणीघराचा राग बहुधा तिथेच निवला.

तारे देताना अडचण आली. एअरबीएनबीसारख्या ठिकाणी पाहुणा आणि यजमान दोघेही एकमेकांविषयी लिहितात. इथेही तसेच होते, आणि ज्यांच्या घरी जेवलो त्यांना तीन तारे देताना हात अडखळतो. बहुतेक घरे पाचाच्या आसपास दिसतात, त्यामागे हा संकोचही असणार. मी चार दिले आणि न्हाणीघर सामायिक आहे हे पहिल्याच वाक्यात लिहिले.

निघताना काकांनी कागदावर फोन नंबर लिहून दिला; थेट कळवले तर खोली अठराशेला मिळेल म्हणाले. मी तो जपून ठेवला आहे, मात्र घर न पाहिलेल्याने पहिल्या खेपेला ॲपवरूनच जावे, कारण ऐन वेळी खोली नाकारली गेली तर पैसे परत मागायला निदान एक दार असते. फक्त पैसे भरण्याआधी तिथल्या संदेशपेटीत न्हाणीघर कितीजणांचे आहे, हे विचारून लेखी उत्तर घ्यावे.