पंप, पावडर की मशीन? आईच्या दम्यासाठी निवडताना

आई ७६ वर्षांची. पंप तोंडात धरायची, फुस्स करायची आणि मग सावकाश श्वास घ्यायची. तोवर औषध जिभेवर बसलेलं. वर ठसक्यात, "घेतला ना मी!"

नुसत्या पंपाची अडचण हीच. दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमावं लागतं. बोटांत संधिवात असला तर तो दाबलाही जात नाही. पिशवीत मावतो, एवढंच त्याच्या बाजूने.

त्याच पंपाला स्पेसर, म्हणजे तोंड आणि पंप यांच्यामधली पोकळ नळी, लावला की चित्र बदलतं. औषध नळीत थांबतं. सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि १० सेकंद रोखायचा. तेवढा दम नसेल तर नळीतूनच चार-पाच साधे श्वास. एका वेळी एकच फवारा, दर वेळी पंप हलवून. कवळीमुळे ओठ घट्ट मिटत नसतील तर मास्कवाला स्पेसर मिळतो. घशात औषध कमी साचतं, तरी स्टिरॉइड घेतल्यावर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. मी कित्येक महिने स्पेसर धुऊन पंचाने चकचकीत पुसत होते. तेच चुकीचं! पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. साबणाच्या पाण्यातून काढून निथळत ठेवायचा, बस.

कॅप्सूल छोट्या उपकरणात घालून पावडर श्वासाने ओढायची, यात वेळ साधावी लागत नाही, पण श्वास जोरात ओढावा लागतो. धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात पावडर ओल धरते, म्हणून कॅप्सूल आयत्या वेळीच पाकिटातून काढायची. शेजारच्या काकांनी तर ती पाण्याबरोबर गिळली होती. हातात बळ आणि छातीत जोर असेल तर मात्र हा पर्याय वाईट नाही.

मशीनवर, म्हणजे नेब्युलायझरवर, सगळ्यांचा फार विश्वास. पण दम्याच्या साध्या-मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेलं औषध तितकंच काम करतं. मशीनला वीज लागते, दहाएक मिनिटं बसावं लागतं आणि भांडं रोज धुवावं लागतं. विसरभोळेपणा वाढलेला असेल, सांगितलेलं कळत नसेल, तिथे ते उपयोगी.

आमच्याकडे स्पेसर जिंकला. पण साधन कुठलंही असो, फक्त दम लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलवर भागवू नका. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: सूज कमी करणारं स्टिरॉइडही श्वासातून जायला हवं. आणि बोलताना वाक्य पुरं होईना किंवा ओठ निळसर दिसले, तर घरी प्रयोग न करता सरळ दवाखाना गाठा.

पुढच्या तपासणीला पंप-स्पेसर पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर तिला घ्यायला लावा. काचबिंदूचे थेंबही दाखवा. टिमोलॉलसारख्या थेंबांनी दमा उसळतो, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याचं कुणी सांगितलेलंच नसतं.