फ्लूची लस : एक्स्पायरी बघण्याआधी खोक्यावरचं साल वाचा

फ्लूक्वाड्री, इन्फ्लुव्हॅक टेट्रा, व्हॅक्सिफ्लू-४. नावं वेगळी, माल जवळपास एकच : मारलेल्या विषाणूतली प्रथिनं, प्रत्येक प्रकाराची १५ मायक्रोग्रॅम, अर्धा मिली, भरलेली सिरिंज. किंमत साधारण दीड-दोन हजारांच्या घरात. कोणत्या कंपनीची घ्यावी यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही. खपवायचंच तर खोक्यावरच्या सालावर खपवा.

लशीत कोणते विषाणू घालायचे हे डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा सुचवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तरेत, पण महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट येते ती पावसाळ्यात. म्हणून इथे कामाची ती दक्षिण गोलार्धाची लस, उन्हाळ्यात येणारी. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, तेव्हा मृग लागायच्या आत मोकळं व्हावं.

गडबड नेमकी इथे होते. मे महिन्यात फ्रिजमध्ये मागच्या हिवाळ्याचा साठा पडलेला असतो, त्याची एक्स्पायरी उलटलेली नसते आणि तोच हातात पडतो. २०२५चंच बघा. एच३एन२, एच१एन१ आणि बी हे फ्लूच्या विषाणूचे प्रकार, आणि खोक्यावर प्रत्येकापुढे त्यातला कोणता नमुना घातलाय त्याचं नाव असतं. उत्तर गोलार्ध २०२४-२५च्या खोक्यावर एच३एन२च्या ओळीत ‘थायलंड/८/२०२२’, तर दक्षिण गोलार्ध २०२५च्या खोक्यावर ‘क्रोएशिया/१०१३६आरव्ही/२०२३’. एच१एन१चा ‘व्हिक्टोरिया’ आणि बी प्रकारातला ‘ऑस्ट्रिया’ दोन्हीकडे तेच. म्हणजे जुनी लस अगदीच वाया गेली असं नाही. पण म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त लोळवतो तो एच३एन२, आणि बदल त्यातच. पैसे देण्याआधी खोकं हातात घ्या, ती ओळ वाचा.

‘चार विषाणूंची म्हणून भारी’ हा मुद्दाही आता शिळा झाला. चौथा, म्हणजे बी प्रकारातलीच दुसरी जात, बी-यामागाता, मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठे सापडलेलाच नाही. तीनवाली मिळाली तर बिनधास्त घ्या.

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, मग दरवर्षी एक. हा दुसरा डोस बुडवणारी घरं फार. पहिल्याने शरीराला विषाणूची नुसती ओळख होते, खरं संरक्षण दुसऱ्याने येतं. एकावरच थांबलात तर पैसे निम्मे पाण्यात. नऊ वर्षांखालचं कुठलंही मूल पहिल्यांदाच घेत असेल तर हाच नियम. बाळाला सुई मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, ढुंगणावर नाही. एक सिरिंज दोन भावंडांत अर्धी-अर्धी, हा काटकसरीचा प्रकार कुणी सुचवला तर तिथून उठा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याच्यासाठी आईने गरोदरपणात घ्यायची, म्हणजे तिची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. घरातल्या बाकीच्यांनीही घ्यावी.

आजी-आजोबांच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवा. लस विषाणूंशी जुळली त्या वर्षीही एकंदर लोकांत आजार टळतो तो ४० ते ६० टक्के, आणि वय वाढेल तसा लशीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. अमेरिकेत ६५च्या पुढे चौपट, म्हणजे ६० मायक्रोग्रॅमची लस देतात ती त्याचसाठी. तरी घ्यावीच, ताप आला तरी तो न्यूमोनियापर्यंत, ॲडमिट होण्यापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. बारीक सुई आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाब. दंडावर सुई खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून हवी. फार वर टोचली तर खांदा महिनोन्‌महिने दुखतो आणि दोष लशीच्या माथी जातो. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लस त्याच दिवशी, दुसऱ्या दंडात चालते.

आता साठवण. २ ते ८ अंश, आणि गोठवायची अजिबात नाही. केमिस्ट कौतुकाने सिरिंज बर्फाच्या पिशवीला चिकटवून देतो, घरी ती फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये जाते, आणि लस गोठते. धनुर्वाताच्या लशीत ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे ती गोठून गेली की हलवल्यावर गाळ भराभर खाली बसतो आणि चोरी पकडली जाते. फ्लूच्या लशीत ॲल्युमिनियम नाही. गोठून वितळली तरी डोळ्यांना काही कळणार नाही. त्यामुळे विकत आणून नेण्यापेक्षा दवाखान्याच्या फ्रिजमधली घेतलेली बरी. आणायचीच झाली तर थर्मासमध्ये, बर्फ आणि खोकं यांच्यात वर्तमानपत्राची जाड घडी.

दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण, एवढं होतं. ‘लशीनेच फ्लू झाला’ हे शक्य नाही, विषाणू मेलेला आहे. साध्या सर्दीसाठी थांबू नका, चांगला ताप असेल तर थांबा. मागच्या डोसनंतर सहा आठवड्यांत गिया-बारे (हातापायांतली ताकद जाते तो नसांचा आजार) झालं असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको.

एकंदरीत लशीला पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो दरवर्षी पुन्हा टोचून घ्यावी लागते म्हणून. निघताना सिरिंजवरचं बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या, आजोबांच्याही, आणि बाळाच्या कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख तिथेच लिहून मागा.